आधी जाऊन पाहणारे

दिवाळी तोंडावर आली की वर्तमानपत्रांची पाने दोन गोष्टींनी भरून जातात. एक सोन्याच्या दागिन्यांनी आणि दुसरी दूरदेशच्या सहलींनी. आमच्या लहानपणी यात्रा म्हटली म्हणजे पंढरपूर नाही तर तुळजापूर. कुणी फारच नशीबवान निघाला तर काशी-रामेश्वर. काशीहून परतलेल्या माणसाच्या पाया पडायला अख्खी आळी लोटत असे. आता मात्र जालन्याच्या मोंढ्यात उभे राहून एक आडत्या दुसऱ्याला विचारतो, "काय शेठ, यंदा मसाईमारा का?" आणि आजूबाजूच्या कुणालाही त्यात नवल वाटत नाही. 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे जुनी आहे. त्या पाळण्यातली माणसे आता आफ्रिकेचे सिंह पाहायला निघाली, इतकेच.

'सफारी' हा शब्दही पुष्कळांना इंग्रजी वाटतो; तो तसा नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिली भाषेत 'सफारी' म्हणजे नुसता प्रवास. तो शब्द आला अरबी 'सफर'वरून, आणि 'सफर' तर आपल्या ओसरीवर केव्हाचीच येऊन बसलेली आहे. म्हणजे आपण मोठ्या थाटाने ज्याला सफारी म्हणतो, ती आपल्याच घरच्या सफरीची सावत्र बहीण. दोघी एकाच समुद्राच्या दोन किनाऱ्यांवर वाढल्या.

माझा एक भाचा पुण्याला एका प्रवाससंस्थेत कामाला आहे. लोकांना नेण्याआधी स्वतः जाऊन पाहून येणे हे त्याचे काम. येत्या मोसमात तो आणि त्याचे दोघे सहकारी केनिया, इथियोपिया आणि टांझानिया असा फेरा करणार आहेत. कुठल्या महिन्यात कुठे जनावर दिसते, कुठल्या मुक्कामात शाकाहारी माणसाची सोय होते, विमानतळापासून अरण्यापर्यंतचा रस्ता म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला झेपेल की नाही, हे सारे वहीत टिपून आणायचे. तो मला म्हणाला, "मामा, कागदावरची आफ्रिका वेगळी आणि पायाखालची वेगळी. आम्ही पाहून आल्याशिवाय कुणाला नेत नाही." मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्याचे हे बोलणे ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे दोन हजार वर्षांपूर्वीचा त्याचा एक व्यवसायबंधू उभा राहिला. गंमत अशी, की त्या बंधूच्या वहीचा धागा आमच्या जालना जिल्ह्यापर्यंत येऊन पोचतो.

या बंधूचे नाव कुणालाच ठाऊक नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला तो इजिप्तमध्ये राहत होता, ग्रीक भाषेत लिहीत होता आणि धंद्याने व्यापारी होता. त्याने लिहिलेल्या वहीला आज 'पेरिप्लस' म्हणतात. इरिथ्रियन समुद्राची, म्हणजे तांबडा समुद्र आणि आपला अरबी समुद्र यांची, बंदराबंदराने केलेली ही परिक्रमा. तिची जुनी हस्तलिखित प्रत दहाव्या शतकातली असून ती जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे आहे. वही लहानशीच, पण काय नेमका माणूस! कुठल्या बंदरात नांगर टाकायला जागा आहे, कुठे खडक आहेत, कुठल्या महिन्यात निघावे, तिथल्या राजाला कसली भेट आवडते, कोणता माल खपतो, कोणता उचलावा, हे सारे त्याने ओळीने मांडले आहे. अलंकार नाहीत, उसासे नाहीत. भाच्याच्या वहीत आणि या वहीत फरक एवढाच, की त्याच्या वहीत माणसांच्या सोयी आणि हिच्यात मालाच्या.

इजिप्तच्या मायोस होर्मोस आणि बेरेनिके या बंदरांतून निघून हा गृहस्थ आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरतो. पहिले मोठे ठिकाण अदुलिस. आजच्या एरिट्रियाच्या किनाऱ्यावरचे. आत डोंगरावर अक्सुम नावाची राजधानी. नाईल नदीपलीकडचा सारा हस्तिदंत तिथे गोळा होतो आणि तिथून अदुलिसला उतरतो. त्या मुलखाच्या झोस्कालिस नावाच्या राजाविषयी तो लिहितो, की माणूस पैशाला चिकट आहे, आणखी हवे म्हणून धडपडणारा आहे, पण बाकी वागणुकीला सरळ असून ग्रीक वाङ्मय जाणणारा आहे. पुढे आजच्या सोमालियाचा किनारा, मग 'अझानिया' आणि सर्वांत शेवटी राप्ता नावाची पेठ. तिथे तक्ते दोऱ्यांनी शिवून केलेल्या होड्या आहेत, हस्तिदंत आहे, गेंड्याची शिंगे आहेत. राप्ताची नेमकी जागा आज कुणालाच दाखविता येत नाही. टांझानियाच्या किनाऱ्यावर कुठेतरी असावी, असे बहुतेक पंडित मानतात. त्यापुढचा महासागर कुणी धुंडाळलेला नाही, असे सांगून तो आफ्रिकेचे पान मिटतो. पाहिलेले कुठे संपले आणि अज्ञात कुठे सुरू झाले हे सांगणारा वाटाड्या मला नेहमीच विश्वासाचा वाटतो.

आता आपल्या बाजूचा भाग. या आफ्रिकी बंदरांत हिंदुस्थानातून, म्हणजे भडोच आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून, कोणता माल येतो याची त्याने यादीच दिली आहे. गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड, कमरपट्टे आणि वेळूसारख्या झाडातून निघणारा 'साक्खरी' नावाचा मध. ही यादी वाचून आमच्या घरातल्या मंडळींना मोठी मौज वाटली. मी म्हटले, अहो, ही तर आपल्या दिवाळीच्या फराळाची यादी! तूप आहे, साखर आहे, तीळ आहेत, दाणागोटा आहे. वर सणाला नेसायला सुती वस्त्रही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कुणाच्या तरी चुलीवर आपले तूप कढत होते.

भडोचच्या खाडीत शिरणे महाकठीण, म्हणून तिथल्या राजाचे कोळी मोठमोठ्या होड्या घेऊन परक्या गलबतांना सामोरे येत आणि वाट दाखवीत आत नेत, हेही तो सांगतो. त्या भडोचला घाटावरून माल कोठून येई? दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तगरहून पुष्कळसे कापड, नीट रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाई. पैठण-तेरकडून उत्तरेकडे जाणाऱ्या अशाच वाटांवर, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा नदीच्या काठी एक भरभराटीचे नगर होते. त्याचे नाव भोगवर्धन, आजचे भोकरदन.

भोकरदन आज तालुक्याचे गाव आहे. पण सातवाहनांच्या काळी भोगवर्धनचे लोक इतके हिंडते आणि सधन होते, की सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत त्यांच्या गावाचे नाव दगडावर कोरलेले आढळते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते या विद्वानांनी त्याचा वृत्तांत पुढच्याच वर्षी सिद्ध केला. त्या उत्खननात हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भग्न भाग हाती लागला, आणि तो पाहताच जाणकारांना इटलीतली दुसरी एक मूर्ती आठवली. व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या एका घरात १९३८ साली भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली होती. वीतभराहून थोडी उंच, अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना दोन दासी. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे कुणी यक्षी म्हणाले, कुणी ती आरशाची मूठ ठरवली, कुणी एखाद्या चौरंगाचा पाय. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनचा तुकडा आणि ती मूर्ती यांच्या घडणीत बहिणी-बहिणींसारखे साम्य आहे. ती भोकरदनलाच घडली असे छातीठोक म्हणता येणार नाही. पण अशी मूर्ती घडवणारे हात आणि तिला पश्चिमेकडे नेणारी वाट, दोन्ही या मुलखाच्या ओळखीची होती, एवढे निश्चित.

वाटेचा विषय निघालाच आहे, तर याच केळणेच्या काठची आणखी एक गोष्ट सांगतो. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांचा सेनापती वेल्स्ली, जो पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणार होता तो, शिंदे-भोसल्यांच्या फौजेच्या मागावर होता. हरकाऱ्यांनी खबर आणली, की फौज भोकरदनला आहे. भोकरदन हे जसे गावाचे नाव तसे परगण्याचेही. फौज होती परगण्यात, पण गावापासून दूर, असईपाशी. २३ तारखेला वेल्स्ली अवचित तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मधे केळणा. उताराची जागा मराठ्यांच्या तोफांच्या तोंडाशी. वाटाडे शपथेवर सांगू लागले, की दुसरा उतार नाही. वेल्स्लीने दुर्बीण लावली. नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर वसलेली दिसली. त्याने मनाशी ताडले, की इतकी जवळजवळची दोन गावे, तर त्यांच्यात ये-जा असणारच आणि ये-जा आहे तिथे उतारही असणार. माणूस पाठवून खात्री केली, उतार निघाला. असईची लढाई पुढे काय झाली ते आपण जाणतोच. घरच्या मुलखात घरचाच उतार परक्याने ओळखला, हे वाचताना माझ्या मनाला दर वेळी चुटपुट लागते. ऐकीव खबर आणि डोळ्यांनी पाहिलेली जागा यांत एवढे अंतर असते.

आफ्रिका आणि आपला मुलूख हे दोन्ही एकाच जन्मात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक नामांकित प्रवासी म्हणजे इब्न बतूता. हा स्वतःच आफ्रिकेचा, मोरोक्कोतल्या तांजिरचा. १३३१ साली तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने मोगादिशू, मोंबासा आणि किल्वा या शहरांना गेला. मोगादिशूला त्याच्यापुढे जे पान वाढले गेले त्याचे वर्णन त्याने अगदी चवीने केले आहे. तुपात शिजवलेला भात, दुधात शिजवलेली कच्ची केळी, दही, लिंबाचे आणि मिरीच्या घोसांचे लोणचे, ओले आले आणि आंबा. आपल्याकडच्या पंगतीत बसल्यासारखे वाटत नाही काय? पेरिप्लसच्या यादीतले तूप आणि तांदूळ बाराशे वर्षांनंतरही त्या किनाऱ्यावरच्या ताटात होते. किल्वा शहराची आणि तिथल्या उदार सुलतानाची त्याने मनापासून वाखाणणी केली आहे.

पुढे हाच गृहस्थ दिल्लीला महंमद तुघलकाच्या पदरी काजी झाला आणि १३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला तेव्हा दौलताबाद, नंदुरबार आणि खंबायत या मार्गाने गेला. दौलताबाद म्हणजे आमच्या जालन्यापासून जेमतेम दिवसा-दोन दिवसांची बैलगाडीची मजल. तिथल्या तळघरातले उंदीर मांजराहूनही मोठे असल्याचे त्याने लिहिले आहे; नंदुरबारच्या मराठ्यांविषयी लिहिताना ते कारागिरीत निपुण असल्याचे आणि भात, भाजी आणि तिळाचे तेल हे त्यांचे खाणे असल्याचे टिपले आहे. पुन्हा तिळाचे तेल! राजे बदलले, धर्म बदलले, गलबतांचे मालक बदलले. तेलाची घाणी तेवढी फिरत राहिली.

येथपर्यंतची कथा दिवाळीच्या पानाला शोभेल अशी गोड आहे. परंतु पेरिप्लसच्या यादीत आणखी एक जिन्नस आहे. हस्तिदंत, कासवाची पाठ, दालचिनी, धूप अशा वस्तूंच्या रांगेत, त्याच शाईने, त्याच सुरात तो लिहितो, की सोमाली किनाऱ्यावरच्या ओपोने बंदरातून चांगल्या प्रतीचे गुलाम मिळतात आणि ते इजिप्तला वाढत्या संख्येने जातात. बस, एवढेच. राजाच्या चिकटपणाची नोंद करणाऱ्या, खडक कुठे आहेत हे बारकाईने सांगणाऱ्या या डोळस माणसाला त्या रांगेत माणसे दिसली नाहीत; माल दिसला. ही ओळ मी वर्गात शिकवीत असे तेव्हा मुले एकदम गप्प होत. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, त्यांतल्या एकाने वही लिहिली असती तर?"

त्या मुलाच्या प्रश्नाला पुरे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण त्या रांगेतून आलेल्या एका माणसाने आमच्याच मुलखात, वही लिहून नव्हे तर राज्य चालवून, आपली हकीकत मागे ठेवली आहे. तो म्हणजे मलिक अंबर.

१५४८ च्या सुमारास इथियोपियात जन्मलेला हा मुलगा. डच व्यापाऱ्यांच्या कागदांत त्याचे मूळ नाव 'चापू' असे दिलेले आहे. त्या काळी इथियोपियातून माणसे बाहेर जात आणि त्यांच्या मोबदल्यात हिंदुस्थानी कापड आत येई. म्हणजे आपल्याकडच्या मागांवर विणलेल्या ज्या वस्त्राचा आपण अभिमान बाळगतो, त्याची किंमत कुठेतरी कुणाच्या तरी लेकराने चुकती केली होती. चापू असाच विकला गेला; तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदराहून बगदादला गेला. मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवले-सवरले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. नियतीचा खेळ पाहा. हा पेशवाही मूळचा हबशी गुलामच! चंगीझखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

पुढची कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, चांदबिबी मारली गेली आणि निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. अंबरने दुसरा मुर्तझा निजामशाह गादीवर बसवून ते राज्य पुन्हा उभे केले आणि पंचवीस वर्षे मोगलांना दख्खनेत सुखाने झोपू दिले नाही. मराठा स्वारांना हाताशी धरून गनिमी काव्याचे युद्ध त्याने असे चालवले, की मालोजीराजे आणि शहाजीराजे यांच्या पिढ्या त्याच आखाड्यात वाढल्या. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. पुढे ते औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. डोंगरातले पाणी भुयारी पाटाने आणि खापरी नळांनी शहरात खेळवणारी त्याची 'नहर-ए-अंबरी' आणि त्याची जमीन महसुलाची पद्धत यांची नावे आजही निघतात.

या पराक्रमी माणसाच्या आयुष्यातला एक काळा दिवस आमच्या जिल्ह्यात उगवला. बदनापूर तालुक्यातले रोषणगाव हे ते ठिकाण. मोगल सरदार शाहनवाजखान बाळापूरहून चालून आला. सिंदखेडचे लखुजी जाधवराव आणि आणखी काही सरदार अंबरला सोडून मोगलांना मिळाले होते. १६१६ च्या फेब्रुवारीत रोषणगावाजवळ गाठ पडली आणि अंबरचा पराभव झाला. मोगलांनी खडकीत शिरून तिची राखरांगोळी केली. अंबर तेव्हा साठी ओलांडून पुढे गेलेला. दुसरा कुणी असता तर हाय खाऊन बसला असता. त्याने खडकी पुन्हा वसवली, फौज पुन्हा जमवली आणि १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकदम धूळ चारली. त्या रणात शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. परमानंदाच्या 'शिवभारता'त या लढाईचे वर्णन आहे आणि अंबरच्या शौर्याची स्तुतीही.

रोषणगावच्या पराभवानंतर पुढच्याच वर्षी अंबरला भेटलेल्या एका परदेशी माणसाची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पीटर व्हान डेन ब्रुक हा डच व्यापारी. हाही आमच्या भाच्याच्याच जातीचा, आधी जाऊन पाहून येणारा. ऐन तारुण्यात त्याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, अंगोला आणि लोआंगोच्या बाजूला, व्यापारासाठी फेऱ्या मारल्या होत्या आणि तिथून हस्तिदंत आणला होता. मग तो मोख्याला गेला. तेच मोखा, जिथे अंबर विकला गेला होता. १६१७ साली त्याची गलबते गुजरातच्या किनाऱ्याला फुटली, तेव्हा सुरतेहून मच्छलीपट्टणपर्यंत त्याला पायवाटेने दख्खन तुडवावी लागली. वाटेत तो अंबरच्या छावणीत गेला. ज्या खंडात तो आजवर मालाच्या याद्या करीत हिंडला, त्या खंडाचा माणूस त्याच्यापुढे राज्यकर्ता होऊन बसला होता! ब्रुकने त्याचे रूप लिहून ठेवले आहे. उंच, धिप्पाड, जुन्या रोमन माणसासारखी करारी मुद्रा. त्याची शिस्त कडक असल्याचे, त्याच्या राज्यात बंदोबस्त चांगला असल्याचे आणि रयतेचा त्याच्यावर लोभ असल्याचेही त्याने नोंदले. अंबरच्या 'चापू' या नावाची आठवण आपल्याला याच व्यापाऱ्याच्या रोजनिशीने दिली. याद्या करणाराही समोर माणूस पाहतो तेव्हा त्याची लेखणी बदलते, ती अशी.

आणि न पाहणारा काय करतो, तेही याच सुमाराचे एक चित्र सांगते. बादशहा जहांगीराने अंबरला जन्मात कधी पाहिले नाही. रणांगणावर त्याला तो कायमचा हटवू शकला नाही, तेव्हा त्याने अबुल हसन या आपल्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. त्यात भाल्याच्या टोकावर अंबरचे छिन्न मस्तक आहे आणि पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. आज ते चित्र आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात, चेस्टर बीटी ग्रंथसंग्रहालयात आहे. खऱ्या अंबरचे मस्तक मात्र १६२६ पर्यंत त्याच्याच खांद्यावर ताठ राहिले. तो वारल्यावर मोगलांच्याच बखरकाराने लिहून ठेवले, की युद्धात, हुकमतीत, न्यायबुद्धीत आणि कारभारात याला तोड नव्हती. त्याची कबर खुलताबादला आहे.

मी हे सगळे भाच्याला सांगितले. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "मामा, लोकांना सिंह पाहायचा असतो हो." अर्थात! सिंह पाहावाच. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत सेरेंगेटीतून मसाईमाऱ्यात येणाऱ्या रानगव्यासारख्या वाइल्डबीस्टांचे कळपच्या कळप मारा नदी ओलांडतात, ते दृश्य पाहायला पृथ्वीच्या पाठीवरून माणसे येतात आणि ती योग्यच करतात. पण सहलीच्या पत्रकांत सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या आणि रानरेडा या पाच जनावरांची जी ठरीव यादी असते ती मूळ शिकाऱ्यांची आहे. पायी शिकार करायला सर्वांत कठीण ती ही पाच. म्हणजे यादी पुन्हा मालाचीच, फक्त बंदुकीच्या जागी आता कॅमेरा आला. पाच जनावरांवर खुणा करून परतणाऱ्याने आफ्रिका पाहिली असे कसे म्हणावे?

म्हणून मी त्याला माझी एक वेगळी यादी करून दिली. नैरोबी हे शहर १८९९ साली रेल्वेचे ठाणे म्हणून वसले. मोंबासापासून सरोवरापर्यंतचा तो लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधायला हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर गेले आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. त्याव्होच्या दोन नरभक्षक सिंहांची १८९८ ची कथा सगळ्यांना माहीत असते. या अडीच हजारांची थोड्यांना. त्याच नैरोबीत १९४८ ते १९५४ या काळात औंधचे अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी होते. नुसत्या हिंदी व्यापाऱ्यांत न रमता ते आफ्रिकी पुढाऱ्यांशी मैत्री करीत, म्हणून तिथल्या इंग्रज सरकारच्या डोळ्यांत ते खुपले. मोंबासाला पोर्तुगिजांनी १५९३ पासून बांधलेला जीझस किल्ला आहे. झांजिबारला, १८७३ साली बंद पडलेल्या गुलामांच्या बाजाराच्या जागेवर एक चर्च उभे आहे. तिथे घटकाभर थांबावे. किल्व्याचे अवशेष पाहावेत. आणि इथियोपियात आदिस अबाबाला नुसते विमान बदलायला न उतरता अक्सुमचे उंच शिलास्तंभ आणि हरारचे तटबंदीचे शहर यांची विचारपूस करावी. वाट शांत असेल तेव्हाच न्यावे. तेवढे पाहून येणे तर त्याचे कामच आहे.

वाचकहो, मुंबईहून नैरोबीला थेट विमान सुटते आणि सहा-एक तासांत तिथे उतरवते. आपले घड्याळ अडीच तास मागे केले की झाले. पेरिप्लसकाराला त्यासाठी वाऱ्याची वाट पाहत महिने काढावे लागत. हिवाळ्यात ईशान्येचा वारा इकडची गलबते तिकडे नेई आणि पावसाळी नैर्ऋत्येचा वारा ती परत आणी. चापूला तर वाट पाहण्याचाही अधिकार नव्हता. आपण जाऊ ते आपल्या मर्जीने, परतीचे तिकीट खिशात घालून. ही केवढी मोठी श्रीमंती आहे, याची जाण ठेवून जावे.

आणि एक गोष्ट उलट दिशेनेही व्हावी, असे मला वाटते. नैरोबीचा किंवा आदिस अबाबाचा एखादा जिज्ञासू माणूस, आपल्या लोकांना इकडे आणण्याआधी पाहणी करायला म्हणून आमच्याकडे यावा. त्याला मी भोकरदनला केळणेच्या काठी नेईन, रोषणगावच्या शिवारात उभा करीन, खुलताबादच्या कबरीपाशी घेऊन जाईन. संध्याकाळी घरी आणून तुपाची धार धरलेला भात, लिंबाचे लोणचे आणि तिळाची चटणी वाढीन. जेवताना तो बहुधा म्हणेल, की ही चव ओळखीची वाटते. मग त्याला पेरिप्लसची ती यादी वाचून दाखवीन. गहू, तांदूळ, तूप, तेल, कापड, साखर. आणि त्यापुढे चापूचे नाव घेईन, म्हणजे यादी पुरी होईल.